वाईट आठवड्यातही जमेल असं खाणं

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कमी करून:

"मी ४३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी माझं वजन ८४ किलो होतं. दहा महिने एक आहार-तक्ता पाळला आणि ६८ वर आले. तक्ता कडक होता. सगळं मोजून खायचं, धान्य दिवसातून एकदाच, साखर पूर्ण बंद, संध्याकाळी सातनंतर काहीही नाही. त्या काळात हलकं वाटायचं, लोक कौतुक करायचे. गेल्या वर्षभरात ४ किलो परत आले. तक्ता पुन्हा सुरू करते, दहा-बारा दिवस नीट जातात. मग एखाद्या संध्याकाळी ऑफिसमधून येते, खांद्यावरची बॅगही काढत नाही आणि ओट्यापाशी उभी राहून हाताला लागेल ते खाते. मग 'आज गेलंच' म्हणत झोपेपर्यंत खातच राहते. माझ्या बहिणीने धान्य जवळजवळ सोडलंय, तिचं वजन स्थिर आहे. एक सहकारी दुपारपर्यंत काही खात नाही, त्याला ते सोपं जातं. मी दोन्ही करून पाहिलं. धान्य सोडलं की चिडचिड होते, उपाशी राहिलं की डोकं दुखतं. माझ्यात चिकाटीच नाही का? आयुष्यभर पाळता येईल असा एक आहार एकदाचा सांगा. आणि ६८ वर परत कसं जायचं तेही."

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचून मी आधी आकडे मांडले. ८४, मग ६८, आता ७२. म्हणजे १२ किलो अजूनही गेलेले आहेत, मूळ वजनाच्या १४ टक्के. रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी सुधारायला ५ टक्के वजन उतरलं तरी सुरुवात होते. त्या १२ किलोंबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही, सगळं पत्र ४ किलोंबद्दल आहे. वाईट वाटणं मला समजतं, पण पुढचं सगळं वाचताना हे १२ किलो डोळ्यांसमोर असू द्या. ते तुम्ही टिकवले आहेत, तक्ता मोडत असतानाही.

आता चिकाटीचं. दहा महिने असा तक्ता पाळणाऱ्या बाईत चिकाटी नाही, हे मी मानणार नाही. वजन उतरलं की शरीर स्वस्थ बसत नाही, खरी अडचण ती आहे. हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते हे आपल्याला सहज पटतं. पण त्याच वेळी भूकही वाढते, आणि ती बरीच जास्त वाढते. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा संशोधकांचा अंदाज आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं. वजन उतरल्यावर भूक लावणारं संप्रेरक वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं घटली. एवढं अपेक्षित होतं. पण वर्षभरानंतर पुन्हा तपासलं तेव्हाही त्यांतले बरेच बदल तसेच होते आणि माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती.

याहून जुना एक प्रयोग मला तुमच्या ओट्यापाशी उभं राहण्याबद्दल वाचताना सारखा आठवत होता. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं. हे सगळे स्वयंसेवक होते, आणि शरीराने व मनाने धडधाकट म्हणून मुद्दाम निवडलेले होते. त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरलं. काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत अन्नच येऊ लागलं. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि पुन्हा हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा त्यांतले काही जण पोट फुटेपर्यंत जेवले, तरी त्यांची भूक भागेना. तुमचा तक्ता इतका टोकाचा नव्हता. पण खूप काळ कमी खाल्लेलं शरीर संधी मिळताच कसं वागतं, त्याची दिशा हीच असते. त्या तरुणांना कुणी आळशी किंवा कमकुवत म्हटलं नाही. तुम्हीही स्वतःला म्हणू नका.

"एक आहार सांगा" असं तुम्ही म्हणता. तो मी सांगू शकले असते तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. निम्म्यांनी खाण्यातली चरबी कमी केली, निम्म्यांनी धान्य आणि साखरेसारखे पिष्टमय पदार्थ. वर्षाच्या शेवटी एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं होतं, दुसऱ्याचं ६ किलोंनी. म्हणजे जवळजवळ सारखंच. पण एकेका गटाच्या आत डोकावलं तर चित्र अगदी वेगळं होतं. तोच आहार घेऊन कुणी ३० किलोंच्या आसपास उतरवले होते, तर कुणाचं वजन १० किलोंच्या आसपास वाढलं होतं. कुणाला कुठला आहार लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनवरून आधी सांगता येतं का, तेही तपासलं गेलं. नाही सांगता आलं. त्याआधी २००५ मध्ये १६० जणांना चार प्रसिद्ध आहारांत वाटून केलेल्या अभ्यासातही आहार कुठला यापेक्षा तो किती पाळला गेला यावरच वजन ठरलं होतं.

म्हणून बहिणीचा आहार चांगला आहे, सहकाऱ्याचाही चांगला आहे, आणि दोन्ही तुमचे नाहीत. धान्य सोडल्यावर तुमची चिडचिड होते, सकाळी उपाशी राहिलं की डोकं दुखतं. तुम्ही या दोन गोष्टी अपयश म्हणून लिहिल्या आहेत. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती तीच आहे. स्वतःवर दोन प्रयोग करून तुम्ही दोन उत्तरं मिळवलीत. ती वहीत लिहून ठेवा आणि त्या वाटेला पुन्हा जाऊ नका, बहिणीने कितीही आग्रह केला तरी.

मग तुमचं खाणं ठरवायचं कसं? माझं म्हणणं असं: तक्ता आपण नेहमी चांगल्या आठवड्यासाठी बनवतो. बाजार भरलेला, झोप झालेली, घरात कुणी आजारी नाही, ऑफिसात कसली घाई नाही. अशा आठवड्यात कुठलाही आहार जमतो, तुमचाही दहा-बारा दिवस जमतोच. तुम्ही उलटं करून पाहा. मागच्या दोन महिन्यांतला एक वाईट आठवडा आठवा. संकटाचा नको, नेहमीचाच वाईट. कामाचा ढीग होता, घरी कुणाला तरी ताप होता, रोज उशीर झाला, एक-दोन रात्री धड झोप नव्हती. त्या आठवड्यात, त्याच थकव्यात, तुम्हाला काय खाणं जमलं असतं? जे जमलं असतं तेच तुमचं मूळ खाणं. आधी ते बसवायचं. चांगल्या आठवड्यात त्यात भर पडली तर उत्तम, पण वजन सांभाळायची जबाबदारी या मूळ खाण्यावर टाकायची. कारण वर्षातले किती आठवडे तसे असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हे ऐकायला फार साधं वाटतं, आणि ते बसवायला दोन-तीन महिने लागतात.

सुरुवात तुमच्या त्या संध्याकाळपासून करू, कारण सगळं तिथेच सुटतंय. पत्रात तुम्ही संध्याकाळचं बारकाईने लिहिलं आहे. दुपारच्या जेवणाचा मात्र कुठेच उल्लेख नाही. तक्त्यात धान्य दिवसातून एकदाच आहे, तेव्हा माझा अंदाज असा की दुपारी तुम्ही थोडक्यात आवरता, एखादी सॅलडची वाटी आणि काहीतरी. ते एक-दीडच्या सुमाराला. मग कामाच्या नादात सहा तास काही नाही, फार तर चहा. घरी पोचता तेव्हा पोट रिकामं, डोकं शिणलेलं, आणि समोर ओट्यावर उघडं पाकीट. त्यात सातनंतर खायचं नाही हा नियम, म्हणजे घड्याळही मागे लागलेलं. अशा वेळी जो माणूस शांतपणे बॅग ठेवून, हात धुऊन, मोजून खाईल तो मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही त्या क्षणी हरत नाही. ती संध्याकाळ दुपारी एक वाजताच ठरून गेलेली असते.

तेव्हा दोन बदल करा. दुपारी पोटभर जेवा. धान्य घ्या, आणि त्याच्यासोबत प्रथिनांचा ठळक हिस्सा असू द्या: डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही, पनीर, जे तुम्ही खात असाल ते. भाजी भरपूर. आणि पाचच्या सुमाराला, ऑफिसातच, ठरवून खा. एक फळ आणि मूठभर शेंगदाणे, किंवा दोन उकडलेली अंडी, किंवा वाटीभर घट्ट दही. हे सगळं साधारण दीडशे ते अडीचशे कॅलरींच्या घरात येतं. भूक लागली नाही तरी खा, निदान पहिले दोन आठवडे. संध्याकाळी घरी पोचल्यावर तुमची भूक कशी असते ते पाहायचं आहे. ओट्यावरचं पाकीट कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. घरच्यांचं खाणं बंद करायची गरज नाही, फक्त दारातून आत आल्या आल्या ते हाताशी नको.

प्रथिनांवर मी इतका भर देते त्याला कारण आहे. युरोपातल्या अनेक देशांत मिळून झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली माणसं तुमच्यासारखीच होती: वजन उतरवून झालेली, आता टिकवायचं असलेली, एकूण ७७३. त्यांना २६ आठवडे वेगवेगळ्या आहारांवर ठेवलं, आणि कॅलरी मोजायची सक्ती नव्हती, पोटभर खायचं होतं. ज्या गटाच्या आहारात प्रथिनं कमी होती आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ जास्त होते, त्या गटाचं वजन ठळकपणे परत चढलं. जास्त प्रथिनं आणि सावकाश पचणारं धान्य घेणाऱ्यांचं टिकलं. आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्या गटांतून अभ्यास सोडून जाणारेही कमी होते. पोट भरलेलं असलं की माणूस टिकतो.

पाकिटातल्या खाण्याबद्दलही एक सांगते. अमेरिकेत २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातून तयार येणारं, खूप प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू आणि कॅलरी सारख्याच होत्या आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तेव्हा त्या पाकिटासमोर हात थांबत नाही याचं बरंचसं कारण पाकिटातच आहे.

आता "आज गेलंच". तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या दोन शब्दांची. १९७५ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थिनींना चव सांगण्याच्या निमित्ताने बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिलं, काहींना नाही, आणि मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवून हवं तेवढं खायला सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे स्वाभाविक आहे. ज्या कायम खाणं आवरत होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता काय राहिलं, हा विचार. भुकेशी त्याचा संबंध नव्हता. नियम जितका कडक, तितका तो एका घासात मोडतो, आणि तो मोडला की उरलेल्या दिवसाला काही धरबंध राहत नाही.

आकड्यांत बघा. समजा त्या संध्याकाळी तुम्ही गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाल्ल्या. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. म्हणजे शरीरात जास्तीत जास्त १३० ग्रॅम चरबी साठेल. पण दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो वर दाखवतो, कारण पिष्टमय पदार्थ शरीरात साठताना एका ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात, आणि मिठामुळेही पाणी साचतं. तो दीड किलो बघून तुम्ही घाबरता, तक्ता दुप्पट कडक करता, दुपारचं जेवण आणखी कमी करता, आणि पुढची तशी संध्याकाळ त्याच दिवशी पक्की होते. हे चक्र तोडायचं असेल तर अशा संध्याकाळीनंतर सकाळी नेहमीचा नाश्ता करा, नेहमीएवढाच. उपास नाही, भरपाई नाही, जास्तीचा व्यायाम नाही. ते करायला धीर लागतो, हे मला माहीत आहे. पहिल्या दोन-तीन वेळा ते चुकीचं वाटेल.

जुन्या तक्त्यातले नियम एकेक करून काढू. मोजून खाणं: दहा महिने मोजल्याने तुमच्या नजरेला अंदाज आला असणार, तो कुठे जात नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आता कपाटात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांतून एखादा आठवडा तेल, तूप, लोणी आणि सुका मेवा एवढंच मोजून पाहा. चरबीत ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, प्रथिनांत आणि पिष्टमय पदार्थांत ४, म्हणून अंदाज चुकला तर तिथेच जास्त चुकतो. धान्य एकदाच: सोडून द्या. साखर पूर्ण बंद: हाही सोडा, पण त्याच्या जागी काहीतरी ठरवा. गोड तुम्हाला खरंच आवडतं का, आणि कुठलं, हे स्वतःला विचारा. जे मनापासून आवडतं ते बसून, ताटलीत घेऊन, चवीने खा. केवळ समोर आलं म्हणून खाल्लं जाणारं, चहासोबतचं बिस्किट किंवा मीटिंगमधला केकचा तुकडा, ते सोडायला फारसा त्रास होत नाही. सातनंतर काही नाही: तुम्ही घरीच सातला पोचत असाल तर हा नियम तुमच्या आयुष्यासाठी केलेलाच नव्हता. त्याऐवजी रात्रीचं जेवण एकदा बसून करायचं आणि त्यानंतर स्वयंपाकघर आवरून बाहेर पडायचं, मग ते साडेआठला असो की साडेनऊला.

शनिवार-रविवारचं वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवणाऱ्यांची नावं त्यात नोंदवली जातात, आणि आजवर १०,००० हून अधिक लोक त्यात आले आहेत. त्यांची उतरवण्याची पद्धत एकच नव्हती, पण टिकवण्याच्या काही सवयी सारख्या निघाल्या. त्यांतली एक अशी की सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस यांच्या खाण्यात फारसा फरक न करणाऱ्यांचं वजन जास्त टिकलं. पाच दिवस दात-ओठ खाऊन आणि दोन दिवस मोकाट, हे कुणाला वर्षानुवर्षं जमत नाही. सोमवार ते शुक्रवार इतका सैल करा की शनिवारची वाट पाहावी लागणार नाही. त्याच लोकांपैकी बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात, आणि बहुतेकांची हालचाल म्हणजे चालणं. तुम्ही व्यायामाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच म्हणते की वजन उतरवायला व्यायाम फार मदत करत नाही, टिकवायला मात्र करतो. आणि झोप. २०२२ च्या एका अभ्यासात कमी झोपणाऱ्यांची झोप तासाभराने वाढवली तर त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटलं, आहाराबद्दल एक शब्द न सांगता.

वजन करत राहा. नोंदवहीतले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा तरी काट्यावर उभे राहतात. पण काट्याचं काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी ज्यांना हे शिकवलं त्यांना तीन पट्टे आखून दिले होते. ठरलेल्या वजनाच्या वर १.४ किलोपर्यंत हिरवा पट्टा, तिथे काही करायचं नाही. त्यापुढे पिवळा, तिथे काय बदललंय ते शोधायचं. २.३ किलो किंवा जास्त म्हणजे लाल, तिथे काही आठवडे पुन्हा शिस्त आणि कुणाची तरी मदत. ही कल्पना मला आवडते, कारण तिच्यात हिरवा पट्टा चांगला रुंद आहे. काटा रोज एका आकड्यावर राहावा ही अपेक्षाच तिथे नाही. मात्र काट्यावर उभं राहिल्यावर तुमचा अख्खा दिवस बिघडत असेल तर महिनाभर तो बाजूला ठेवा आणि कमरेचं माप घ्या.

म्हणजे ६८ चं काय? आत्ता ६८ च्या मागे लागू नका. वजन उतरवायचं कसं हे तुम्हाला येतं, ते तुम्ही दाखवून दिलं आहे. टिकवायचं कसं हे शिकायची संधीच तुम्हाला मिळाली नाही, कारण ६८ ला पोचल्यावरही तुम्ही उतरवायचाच तक्ता पाळत राहिलात, आणि तो सुटला की दुसरं काही हातात नव्हतं. चार महिने ७२ वर राहून दाखवा. १.४ किलोचा पट्टा धरला तर ७३.४ पर्यंत सगळं ठीक. जेवण भरपेट, संध्याकाळ शांत, सुट्टीत गोंधळ नाही, आणि वजन तिथेच, हे चार महिने झालं की मग स्वतःला विचारा की आणखी उतरवायचं आहे का. तेव्हा पाचचं खाणं किंवा दुपारचं जेवण काढू नका. रात्रीचा एखादा घास कमी करा, चालणं थोडं वाढवा, सावकाश. आणि त्या वेळी असं वाटलं की ७० वर राहायला फारसं काही सोडावं लागत नाही, पण ६८ साठी सतत भुकेलं राहावं लागतं, तर ७० वर थांबा. ६८ हा आकडा कडक तक्त्याच्या शेवटच्या महिन्यातला आहे. तुमच्या रोजच्या आयुष्यात वजन कुठे स्थिरावतं, ते अजून कळायचं आहे.

घरच्यांबद्दल थोडं. तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक होत असेल तर तो बंद करा. वाईट आठवड्यात सगळ्यात आधी तोच सुटतो. सगळ्यांचं जे शिजतं तेच घ्या, फक्त तुमच्या ताटात भाजी आणि प्रथिनं आधी वाढा आणि बाकीचं नंतर. आणि कौतुक करणाऱ्यांनी आता काही बोलायचं बंद केलं असेल तर ते मनावर घेऊ नका. उतरणारं वजन दिसतं, टिकलेलं दिसत नाही, म्हणून लोक बोलत नाहीत. घरात एक तरी माणूस असा असू द्या ज्याला तुम्ही काय करताय हे माहीत आहे.

एक गोष्ट मी टाळणार नाही. त्या संध्याकाळी आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त येत असतील, तीन महिन्यांपासून येत असतील, आणि त्या वेळी थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही असं वाटत असेल, तर तो आहाराचा प्रश्न उरत नाही. खाण्याच्या त्या त्रासाला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना हे जसंच्या तसं सांगा. खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटली किंवा दुसरा दिवस पूर्ण उपाशी काढला जात असेल तर वाटच पाहू नका. एरवीही तुमच्या वयात एकदा थायरॉइड तपासून घ्या, आणि गेल्या वर्षभरात एखादं नवं औषध सुरू झालं असेल तर त्याने वजन वाढतं का ते विचारा. पाळी अनियमित होऊ लागली असेल तर झोप आणि भूक दोन्ही बदलतात, तेही सांगा.

या आठवड्यात तक्त्याला हात लावू नका आणि नवा आहारही शोधू नका. एक छोटी वही घ्या. काही खाल्लं की तीनच गोष्टी लिहा: किती वाजले, खाण्याआधी भूक किती होती, आणि त्या वेळी काय चाललं होतं. कॅलरी लिहू नका. दोन आठवड्यांनी वही उघडून फक्त एवढं शोधा की त्रासाच्या संध्याकाळीच्या आधी, त्याच दुपारी, काय खाल्लं होतं. ते सापडलं की दुपारचं जेवण त्याप्रमाणे वाढवा. आणि उद्यासाठी आज रात्रीच बॅगेत एक फळ आणि शेंगदाण्यांची डबी टाकून ठेवा, म्हणजे पाच वाजता शोधावं लागणार नाही.